प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येते तेव्हा

जूनचा मध्य आला की शाळा सुरू होतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा, पण आपल्याकडे साधारण १५ जूनच्या आसपास. २०२५ साली १५ तारखेला रविवार आला म्हणून १६ जूनला घंटा वाजली. नवी पुस्तके, नवे रेनकोट, वह्यांना खाकी कव्हरे घालण्याची रात्रीची धांदल, हे सगळे वसई-विरारच्या घराघरांत दरवर्षी असते. आणि त्याच पंधरवड्यात आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातही गणवेशातल्या मुलामुलींची रांग लागते. सर्दी-खोकला तर असतोच. पण दरवर्षी एक तक्रार हमखास येते, ती अशी : "शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली."

अशीच एक नववीतली मुलगी आईबरोबर आली होती. राहणार नालासोपाऱ्याला, सकाळची शाळा, सातला प्रार्थना. शाळेचा चौथा दिवस. प्रतिज्ञा संपता संपता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती रांगेतच खाली बसली. बाईंनी तिला झोपवले, तोंडावर पाणी मारले, शुद्धीवर आल्यावर साखरपाणी दिले आणि घरी फोन केला. आईला कामावरून रजा टाकून यावे लागले होते, त्यामुळे ती वैतागलेली होती.

"डॉक्टर, सुट्टीत दोन महिने ठणठणीत होती हो. शाळा सुरू झाली की हिचं सुरू. मला तर वाटतं, शाळेचा कंटाळा."

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिलाच विचारले, "काय गं, सकाळी काय खाल्लं होतंस?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"नुसता चहा."

"रात्री किती वाजता झोपलीस?"

"साडेअकरा... बारा."

"आणि उठतेस कधी?"

उत्तर आईनेच दिले. "पाचला उठवते. ह्यांची सव्वापाचची गाडी, माझी सहाची. सगळ्यांचं एकदमच आवरावं लागतं."

"शाळेत पाणी किती पितेस?"

मुलीने आधी आईकडे पाहिले, मग हळूच म्हणाली, "नाही पीत. मग बाथरूमला जावं लागतं."

तिची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिकट पांढुरका. नखेही तशीच. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. आईचा राग क्षणात ओसरला. "म्हणजे नाटक नव्हतं," एवढेच ती म्हणाली.

वाचकहो, ही एका घरातली गोष्ट नाही. म्हणूनच शाळा सुरू होण्याच्या दिवसांत या विषयावर लिहायचे ठरवले.

चक्कर जूनमध्येच का येते?

आईचा प्रश्न बरोबर होता. सुट्टीत ठीक असलेली मुलगी शाळेच्या चौथ्या दिवशी कशी पडते? सुट्टीत ती आठला उठत होती, नऊला काहीतरी खात होती, दमली की आडवी होत होती. शरीरातली कमतरता तेव्हाही होती, पण शरीर ती सांभाळून घेत होते. शाळा सुरू झाली आणि एका दिवसात सारे बदलले. पाचला उठणे, रिकामे पोट, पाठीवर दप्तर, दमट हवा, आणि दहा-पंधरा मिनिटे एका जागी ताठ उभे राहणे.

माणूस न हलता उभा राहिला की रक्त पायांकडे साचू लागते. एरवी पोटऱ्यांचे स्नायू हलतात आणि रक्त वर ढकलतात. ते थांबले, त्यात शरीरात पाणी कमी असले, की मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल तर मेंदूपर्यंत पोचणारा प्राणवायू मुळातच तोकडा असतो. म्हणजे चक्कर हा स्वतंत्र आजार नव्हे, आधीपासून चाललेल्या कमतरतेची ती सूचना असते.

पडल्यावर काय करावे?

मुलाला जमिनीवर उताणे झोपवावे, पाय उशी किंवा दप्तर ठेवून थोडे उंच करावेत, गळ्याशी बटण सैल करावे आणि भोवतालची गर्दी हटवावी. बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. साध्या चक्करीत मूल मिनिटभरात शुद्धीवर येते. पूर्ण सावध झाले की बसवून पाणी, लिंबू-सरबत, बिस्कीट द्यावे. लगेच उभे करू नये.

मात्र मूल मिनिट-दोन मिनिटांत शुद्धीवर आले नाही, हातपाय झटके देऊ लागले, धावता-खेळताना पडले, छातीत दुखत असेल किंवा घरात तरुणपणी कोणाचा अचानक मृत्यू झालेला असेल, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. खेळता खेळता आलेली चक्कर कधी कधी हृदयाच्या दोषामुळे असते, म्हणून तिला कधीही किरकोळ समजू नये.

रिकाम्या पोटाची शाळा

सकाळच्या शाळेतली बरीच मुले चहा घेऊन निघतात. रात्री नऊला जेवलेले मूल दुसऱ्या दिवशी दहाच्या मधल्या सुट्टीपर्यंत काही खात नसेल तर तेरा तासांचा उपास होतो. अशा पोटाने गणित डोक्यात शिरत नाही, आणि शिक्षकांना वाटते मुलाचे लक्ष नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शासकीय व अनुदानित शाळांत मिळणारे दुपारचे शिजवलेले जेवण पहिली ते आठवीपर्यंत आहे. आठवीपर्यंत ज्या मुलाला शाळेत खिचडी मिळत होती, ते नववीत गेले की त्याचे ते ताट बंद होते. आणि नेमके तेव्हाच ते झपाट्याने वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते. ही उणीव घरच्या डब्यानेच भरून काढावी लागते.

सकाळी वेळ नसतो हे खरे. पहिल्या-दुसऱ्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या आईने पाचला उठून उपमा ढवळावा अशी माझी अपेक्षा नाही. रात्रीची चपाती आणि गूळ-शेंगदाण्याची चटणी, एक उकडलेले अंडे, दूध आणि दोन केळी, दूध घालून नाचणीची पेज, यांपैकी काहीही चालेल. केळ्यांसाठी तर आपली वसई प्रसिद्ध आहे. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही आपल्या भागाची खासियत. मोसमात मिळतील तेव्हा दोन-तीन सुकेळी डब्यात टाकली तर मधल्या सुट्टीत वड्यापावाच्या गाडीकडे पाय वळत नाहीत.

रक्त कमी म्हणजे नेमके काय?

बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असे वैद्यकशास्त्र मानते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांनाही १२ हीच मर्यादा, पंधरा वर्षांपुढील मुलग्यांना १३. आठच्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. म्हणजे दहावीच्या वर्गात बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीला तरी हा त्रास असण्याचा संभव आहे.

लक्षणे इतकी सावकाश येतात की घरच्यांच्या ध्यानात येत नाहीत. जिना चढताना धाप, सतत थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणे, केस गळणे, आणि काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा. मूल खडू खाते म्हणून त्याला मारणारे पालक मी पाहिले आहेत. त्या मुलाला धपाट्याची नव्हे, रक्ततपासणीची गरज असते.

आहारात लोह कशातून मिळेल? बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात ही समजूत चुकीची आहे, त्यांत लोह बेताचेच असते. त्याऐवजी कडधान्ये, वालाचे बिरडे, चवळी, नाचणी, तीळ, माठ, शेवग्याचा पाला या वस्तू स्वस्त आहेत आणि आपल्या बाजारात रोज मिळतात. अर्नाळा-नायगावकडच्या कोळीवाड्यांत मिळणारा सुका जवळा आणि इतर सुकी मासळी, तसेच मटणाची कलेजी यांतले लोह शरीराला अधिक सहज घेता येते. भाजी-आमटीवर लिंबू पिळावे, जेवणात पेरू-आवळा असावा. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर चहा घेतला की लोहाचे शोषण कमी होते. चहा सोडवत नसेल तर जेवणाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवावे. लोखंडी कढई-तवा वापरातून काढू नये.

शासकीय व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी देण्याची योजना आहे. पुष्कळ मुले ती दप्तरात टाकतात किंवा खिडकीतून फेकतात, कारण एखाद्या मैत्रिणीला मळमळलेले असते. ही गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते. डबा खाल्ल्यानंतर घेतली तर त्रास फार कमी होतो. शौचाला काळपट झाले तर घाबरू नये, ते लोहामुळे असते. जंत रक्त शोषतात, म्हणून वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळेत जंताची गोळी देतात. तीही चुकवू नये.

मात्र एक सूचना. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तेव्हा डॉक्टर रोजची मात्रा ठरवून देतात आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही काही महिने औषध चालू ठेवतात. शिवाय सगळाच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. थॅलेसेमिया काही घराण्यांत आनुवंशिक असतो. सिकलसेल आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांतही आढळतो. तेव्हा गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर पुढची तपासणी करून घ्यावी, परस्पर मात्रा वाढवू नये.

पाणी न पिणाऱ्या मुली

त्या मुलीचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर मला पाण्याविषयीचे वाटले. सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत लघवीला न जाणाऱ्या मुली आपल्याकडे कितीतरी आहेत. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, दुर्गंधी आहे, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. यातून लघवीची जळजळ, ताप, बद्धकोष्ठ, डोकेदुखी असे त्रास सुरू होतात. पाळीच्या दिवसांत तर चार ते सहा तासांनी पॅड बदलायला हवे. ते बदलायला आणि टाकायला जागा नसेल तर मुलगी त्या दिवसांत शाळेत येतच नाही. महिन्याला दोन-तीन दिवस बुडाले की वर्षाअखेर किती होतात, हिशेब पालकांनीच करावा.

याबद्दल मुली आपणहून बोलत नाहीत. आईने विचारले पाहिजे. आणि पालकसभेत गुणांची चर्चा संपल्यावर एका तरी पालकाने उठून विचारावे, "स्वच्छतागृहाला कडी आहे का? पाणी येतं का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे शाळेची तक्रार करणे नव्हे. पाळीचा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल तर मुलीला दवाखान्यात दाखवावे. कित्येकींच्या रक्तक्षयाचे मूळ तिथे असते.

झोप आणि दप्तर

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. या वयात झोप उशिरा लागणे हा काही अंशी शरीराचाच बदल असतो, त्यामुळे "लवकर झोप" एवढे म्हणून भागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला, तो लहान मुलांच्या झोपेचा विचार करून. माध्यमिकच्या मुलांना तो लागू नव्हता. तेव्हा घरातच सोय करावी लागेल. रात्री दहानंतर मोबाईल मुलांच्या उशाशी नको. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, आईबाबांचाही. दुपारी शाळेतून आल्यावर अर्धा तास झोप चालेल, तीन तासांची नको, नाहीतर रात्रीची झोप पुन्हा उडते.

दप्तराचा प्रश्न जुना आहे. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल कळकळीने भाषण केले होते. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली अहवाल दिला. पाठीवरच्या ओझ्याइतकेच न समजलेल्या अभ्यासाचे ओझे मुलांना जाचते, असा त्या अहवालाचा मथितार्थ होता. आजचा नियम साधा आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नको. चाळीस किलोच्या मुलीचे दप्तर चार किलोपर्यंत. पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानातल्या काट्यावर दप्तर ठेवून पाहा. वेळापत्रकाप्रमाणे पुस्तके भरली, जाड वह्यांऐवजी पातळ घेतल्या, तर किलो-दीड किलो सहज कमी होतो. दप्तर दोन्ही खांद्यांवर आणि पाठीला चिकटून असावे, कमरेखाली लोंबणारे नको.

पावसाचा ताप

आपल्याकडे शाळा आणि पाऊस बरोबरच येतात. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या, मुले कमरेएवढ्या पाण्यातून घरी आली होती, हे अनेकांना आठवत असेल. असे साचलेले पाणी उंदीर-घुशींच्या मुतामुळे दूषित होते आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. मुलाला अशा पाण्यातून यावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत, कोरडे करावेत आणि पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे मुले शाळेत असतानाही. त्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, आणि घरी तसेच शाळेतही आठवड्यातून एकदा सर्व साठवलेले पाणी ओतून भांडी कोरडी करणे. टँकरचे पाणी पिंपात भरून ठेवणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी पिंपांना घट्ट झाकण लावावे. ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज कोणतीही वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नये. ताप उतरताना पोटात दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे असे काही झाले तर लगेच रुग्णालयात न्यावे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो. ओले पायमोजे दिवसभर पायात ठेवल्याने बोटांत चिखल्या होतात, म्हणून दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवावा.

तपासणी टाळू नका

एक गोष्ट आपल्या भागासाठी अभिमानाची आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते आणि रक्तक्षय, दृष्टिदोष, दात, हृदयाचे दोष इत्यादी पाहते. पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी देते. ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून जाते, ही आपली चूक. पथक येण्याच्या दिवशी मूल शाळेत पाठवावे आणि संध्याकाळी विचारावे, "डॉक्टरांनी काही लिहून दिलं का?" खासगी शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तरी वजन, उंची, डोळे आणि हिमोग्लोबिनची तपासणी पालकांनी स्वतः करून घ्यावी. फळ्यावरचे उतरवून घेताना मूल डोळे बारीक करत असेल किंवा शेजाऱ्याच्या वहीतून लिहीत असेल तर आधी डोळे तपासा, मग रागवा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवतो. तिला रोजची लोहाची गोळी आणि जंताचे औषध दिले. आईने रात्रीच डब्यात चपाती-अंडे भरून ठेवायला सुरुवात केली. वर्गशिक्षिकेने मधल्या सुट्टीत मुलींना दोन-दोन करून स्वच्छतागृहात पाठवण्याची पद्धत घातली, एक दाराशी उभी राहायची. ऑगस्टच्या अखेरीस मायलेकी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन अकराच्या जवळ आले होते. औषध अजून चालू ठेवायचे आहे, असे मी सांगत होतो, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "डॉक्टर, पंधरा ऑगस्टला मी झेंडावंदनाला शेवटपर्यंत उभी होते."

आई हसली. मला वाटते, त्या दिवशी तिला रजा टाकल्याचे वाईट वाटले नसावे.

पालकहो, या आठवड्यात एवढेच करा. उद्या सकाळी मुलाला काही खाल्ल्याशिवाय घराबाहेर सोडू नका, दप्तर काट्यावर ठेवा, आणि मुलीला विचारा, "शाळेत पाणी पितेस का गं?" उत्तर नीट ऐका.